खांदा बसला तरच घे

मावशी, सा. न.

मी जुळे सोलापुरात राहतो. वय २७, इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय. फेब्रुवारीत लेहला दोन वर्षांच्या कामावर रुजू होतोय. वैमानिक घालायचे ते मेंढीच्या कातड्याचं जॅकेट, बाहेरून चामडं, आतून लोकर, कॉलरला पट्टे, हे मला शाळेत असल्यापासून हवंय. नवं परवडत नाही. पुण्यातले एक गृहस्थ जुनं विकतायत, १४ हजार म्हणतात. लेबलवर ४२ लिहिलंय. त्यांनी मापं पाठवली: काखेपासून काखेपर्यंत २४.५ इंच, शोल्डर २०, बाही २५, पाठीची उंची २५. टेलरनं घेतलेली माझी मापं: छाती ३८, शोल्डर १७.५, बाही २४. दुसऱ्या महायुद्धातलं ओरिजिनल आहे असं ते सांगतात. दादा म्हणतो, मोठंच घे, खाली दोन स्वेटर बसतील, फारच ढगळ झालं तर टेलरकडून कमी करून घेऊ. आई माळकरी आहे. ती म्हणते, कुणाच्या अंगावरचं, त्यात कातडं, घरात नको. विकणारे रविवारपर्यंत थांबणार आहेत. घेऊ का?

— एक वाचक, जुळे सोलापूर

बाळा,

या जॅकेटवर पैसे घालू नकोस. मेंढीच्या कातड्याचं जॅकेट घ्यायला माझी हरकत नाही, जुनं घ्यायला तर मुळीच नाही. पण हे तुझ्या अंगाचं नाही, आणि ते तूच पाठवलेल्या आकड्यांत दिसतंय. ते आकडे कसे वाचायचे एवढं तुला सांगते, म्हणजे पुढचं जॅकेट समोर आलं की कुणाला विचारायला नको.

आधी छाती. २४.५ म्हणजे चेन लावून जॅकेट सपाट पसरलं आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरला. दुप्पट केलं की ४९. हा झाला बाहेरचा घेर. शर्टाला आतला आणि बाहेरचा घेर एकच धरतो आपण, कारण कापडाला जाडी ती किती. इथे कातडं आणि लोकर मिळून अर्धा इंच सहज भरतं. शाळेतलं वर्तुळाच्या परिघाचं सूत्र आठव: त्रिज्या अर्ध्या इंचानं कमी झाली की परिघातून ३ इंच जातात. म्हणजे आत उरले ४६. तू ३८ चा. आत थर्मल आणि एक स्वेटर घातलास तर ४० चा होशील. तरी चारी बाजूंनी मिळून ६ इंच रिकामे राहतात.

दादाला वाटतं रिकामी जागा म्हणजे सोय. स्वेटरच्या बाबतीत त्याचं खरं आहे, या जॅकेटच्या बाबतीत नाही. लोकर स्वतः ऊब तयार करत नाही. ती हवा अडवून धरते आणि ती अडलेली हवा तुझ्या अंगानं तापते. अंग आणि लोकर यांच्यात हात फिरेल एवढी जागा राहिली की दर पावलाला खालून गार हवा आत येते आणि गळ्यातून तापलेली बाहेर जाते, लोहाराच्या भात्यासारखी. आपल्याकडे सांगोल्याच्या माळावर मेंढ्यांमागे जाणारा धनगर घोंगडी कशी घेतो ते पाहिलं असशील. खोळ करून, अंगालगत ओढून. सोडून फडफडत कुणी घेत नाही.

तुला हवं ते जॅकेट आतून ४२ ते ४३ इंच भरेल. म्हणजे बाहेरून सपाट माप २२.५ ते २३. हा आकडा लिहून ठेव आणि लेबलवरचा विसरून जा. कुणाचं ४२ हे अंगाचं माप असतं, कुणाचं जॅकेटचं. वर जुनं जॅकेट वापरून वापरून पसरलेलं किंवा सुकून आवळलेलं असू शकतं. टेप मात्र आज जे आहे तेच सांगतो.

आता शोल्डर, आणि सगळा निकाल इथेच लागतो. तुझं १७.५, जॅकेटचं २०. जाड कातड्याला थोडी सूट द्यावी लागते, म्हणून १८ ते १८.५ पर्यंत मी हो म्हणाले असते. २० म्हणजे दोन्हीकडे सव्वा सव्वा इंच शिवण दंडावर उतरणार. बाही तिथून सुरू होणार, म्हणजे २५ ची बाही तुझ्या हातावर सव्वासव्वीस होऊन बोटांच्या पेरांपर्यंत येणार. शिवाय अशा जॅकेटचं वजन अडीच-तीन किलो असतं. ते खांद्याच्या हाडावर बसलं तर दिवसभर जाणवत नाही. खांद्यावरून घसरलं की सगळा भार मानेवर आणि दंडांवर येतो, आणि तास-दोन तासांत माणूस ते काढून खुर्चीवर टाकतो.

कमी करून घेऊ, असं दादा म्हणतो. माझे वडील नवी पेठेत टेलर होते, पुढे मी पंचवीस वर्षं शाळांचे गणवेश शिवून घेतले. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पोरगं वाढतं, म्हणून गणवेशाला माया सोडायची. पुढच्या जूनमध्ये उसवून सोडता येते. या जॅकेटला माया नसते. अस्तर वेगळं आणि वरचं चामडं वेगळं असा प्रकारच नाही. लोकर आणि चामडं एकाच मेंढीची एकच कातडी. लोकर एकसारखी कातरायची, ती बाजू आत घ्यायची आणि उघडी कातडी बाहेर. दोन तुकडे जोडायचे तर शिवणीत लोकर येऊन चालत नाही, म्हणून कडेची लोकर कातरून टाकतात, अगदी काठाकाठानं शिवतात आणि वरून चामड्याची पट्टी मारतात. उसवलंस तर आत काहीही मिळणार नाही. आणि कापडातली सुई काढली की धागे परत मिटतात, कातड्यातलं भोक मिटत नाही. जुन्या भोकांच्या रांगेशेजारी नवी रांग मारली की कातडं तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं.

बाहीची लांबी कमी होते. चेन बदलता येते, बॅगा आणि गाडीच्या सीटा शिवणाऱ्याचं जड मशीन असेल तर. पट्टा, बक्कल, खिशाचं तोंड, सगळं दुरुस्त होतं. खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा घेर, होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तरी त्याच्याकडे देऊ नकोस.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझा धाकटा भाऊ कामानिमित्त दोन हिवाळे कारगिलला होता. तो निघायच्या आधी मी मुंबईत एका दुकानातून त्याच्यासाठी असंच जुनं जॅकेट घेतलं. तो ३९ चा, जॅकेट ४४ चं. मीच म्हणाले, असू दे, खाली स्वेटर बसेल. मापाच्या धंद्यातली बाई मी, आणि लोकरीचा तो दाट पांढरा गालिचा पाहून हुरळले. टेप पर्समध्ये होता, तो काढलासुद्धा नाही. भावानं आठवडाभर घातलं. वाकून काम करायला लागला की कॉलर कानापर्यंत वर चढायची आणि कमरेतून वारा शिरायचा. मग तिथल्याच बाजारातून साधं फुगीर जॅकेट घेऊन त्यानं दोन्ही हिवाळे काढले. माझं जॅकेट ट्रंकेतून जसंच्या तसं परत आलं. त्याचं पुढे काय झालं ते खाली सांगते, कारण तेही तुझ्या कामाचं आहे.

उंचीबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण जॅकेट अंगात घातल्यावर आई किंवा दादा 'आखूड आहे' म्हणणार, म्हणून आधीच सांगून ठेवते. हे जॅकेट बसलेल्या माणसासाठी बेतलेलं आहे. १९१९ मध्ये विमानातून उडी मारून, हवेत असताना स्वतःच्या हातानं दोरी ओढून पॅराशूट उघडून दाखवणारा अमेरिकन लेस्ली अर्विन. त्यानं पुढे इंग्लंडमध्ये पॅराशूटचा कारखाना काढला आणि तीसच्या दशकात ब्रिटिश हवाई दलासाठी मेंढीच्या कातड्याचं जॅकेट तयार केलं. ते कमरेशीच संपतं, कमरेला पट्टा, बाह्यांना मनगटापासून वर चेन, म्हणजे जाड हातमोजे आत जावेत. अमेरिकेचं बी-३, ज्याच्या कॉलरला तू म्हणतोस ते चामडी पट्टे असतात, ते १९३४ चं. ते थोडं सैल आणि नितंबाच्या हाडापर्यंत येणारं. त्या काळच्या बॉम्बर विमानांत आतली हवा तापवायची धड सोय नव्हती. २५ हजार फुटांवर उणे ४० आणि त्याच्याही खाली पारा जायचा, आणि माणसं तिथे तासन् तास बसून असायची. जॅकेट लांब असतं तर बसल्यावर मांडीत गोळा झालं असतं. हात सतत पुढे, म्हणून बाही थोडी लांब. पुढे विजेवर तापणारे सूट आले, कापडी जॅकेटं आली, आणि युद्ध संपायच्या आधीच कातड्याचं मागे पडलं. तेव्हा उभं राहिल्यावर मागून शर्ट डोकावतोय असं वाटलं तर तो दोष धरू नकोस. बसून बघ. बसल्यावर कंबर झाकलेली राहिली की उंची बरोबर आहे. मापात पाठीची उंची २५ आहे म्हणून आखूड समजू नकोस.

विकणारे ओरिजिनल म्हणतात त्याचं काय? मी जॅकेट पाहिलेलं नाही, त्यांना खोटं ठरवत नाही. पण दोन्ही बाजूंनी विचार कर. खरंच युद्धातलं असेल तर त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. एवढं जुनं कातडं बरेचदा दिसायला देखणं आणि आतून कागदासारखं झालेलं असतं. ते संग्राहकानं सांभाळावं, लेहच्या साइटवर घालून फिरू नये. एका हिवाळ्यात काखेत फाटेल आणि एक जुनी वस्तू तुझ्या हातून जाईल. आणि ते नंतर त्या धर्तीवर बनवलेलं असेल, तर तुझ्यासाठी ते जास्त चांगलं, पण मग जुनेपणाचे पैसे कशाला द्यायचे? लेबलवर बी-३, ऑर्डर नंबर, अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाची मालमत्ता असं काहीबाही विणलेलं असेल. नक्कल करणारे लेबलही हुबेहूब विणतात. तू ऊब आणि बसणं विकत घेतोयस. गोष्ट ऐकायला गोड असली तरी तिचे पैसे देऊ नकोस.

त्या गृहस्थांना आज साधा निरोप पाठव: माप जुळत नाही, थांबू नका. मग २२.५–२३ छाती आणि १८–१८.५ शोल्डरचं शोध. मापं मागताना टेप लावलेला फोटो माग, नुसता आकडा नको. चेन लावलेली हवी, बाह्या सरळ हव्यात, लोकर दाबून सपाट केलेली नको. शक्य असेल तर जॅकेट जिथे आहे तिथे स्वतः जा. पुण्यात असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. तिकिटाचे पैसे वाया गेले तरी १४ हजारांपुढे ते काहीच नाहीत.

जाताना लेहला जे आत घालणार आहेस ते बरोबर ने, थर्मल आणि एक स्वेटर. नुसत्या टीशर्टवर घालून पाहिलंस तर सगळं छानच बसेल. चेन खालपर्यंत लाव. शिवण खांद्याच्या हाडावर आहे का ते आरशात बघ, किंवा अंगठ्यानं चाचप: हाड संपतं तिथे शिवण, किंवा फार तर बोटभर पुढे. मग खुर्चीवर बस आणि दोन्ही हात मोटारसायकलच्या हँडलवर धरल्यासारखे पुढे घे. पाठीत ताण आला, काखेत रुतलं, तर मुंढा लहान आहे. हात पुढे घेतल्यावरही मनगटाचं हाड झाकलेलं राहिलं पाहिजे. मग हात वर कर. जॅकेट थोडं वर जाईलच, पण सगळं छातीवर चढून हनुवटीला लागलं तर मुंढा फार खाली कापलेला आहे. अशा जॅकेटमध्ये खांबावर काम करताना तुझे हाल होतील. कॉलर उभी करून पट्टे लाव आणि मान डावी-उजवीकडे वळव. शेवटी खोल श्वास घे आणि मित्राला सांग, पाठीमागे मधोमध चिमटीत धरून बघ. मुठीत मावेल एवढी जाडी हातात आली तर बरोबर. दोन मुठी भरल्या तर मोठं. हे सगळं झालं की दहा मिनिटं ते अंगात ठेवून त्यांच्या घरात उभा राहा, गप्पा मार. घाम येईल, येऊ दे. भार खांद्यावर बसतोय की मान ओढली जातेय, हे त्या दहा मिनिटांत कळतं.

मग ते काढून हातात घे. आता कातडं जिवंत आहे का ते बघायचं.

खिशाच्या तोंडाची कड दोन बोटांत धरून हळूच दुमड आणि कानाजवळ ने. चांगलं कमावलेलं कातडं दुमडताना आवाज करत नाही, आणि सोडलं की सावकाश उलगडतं. कोरडं झालेलं करकरतं. बाहेरच्या रंगाच्या थराला भेगा असल्या तर घाबरू नकोस; या जॅकेटांवर वरून रंगाचा लेप दिलेला असतो, तो घडीवर तडकतो आणि खालची फिकट कातडी दिसते. भेग नखानं हलकेच उघडून बघ. नुसता लेप फुटलाय की खाली तंतू सुटे झालेत? तंतू दिसले, भुगा पडला, तर तिथेच नमस्कार करून निघ. काख, कोपर, कॉलरची घडी आणि चेनच्या खालच्या टोकाशी हे आधी सापडतं.

आता आतली बाजू. लोकरीवर फुंकर मार. ती दुभंगली की मुळाशी कातडी दिसली पाहिजे. मुळाशी विणलेलं जाळीदार कापड दिसलं तर ती मेंढी नव्हे, नकली फर आहे. शंका राहिली तर गळालेले दोन-चार केस मागून घे आणि बाहेर येऊन काडी लाव: लोकर केस जळाल्यासारखा वास सोडते आणि राख चुरगाळली जाते; नकली वितळून टणक मणी होतो. चिमटीत थोडी लोकर धरून हलकी ओढ. एक-दोन केस आले तर ठीक, पुंजका हातात आला तर कातडीनं केसांची मुळं सोडलीत, आणि त्यावर इलाज नाही. कॉलरच्या आत आणि मनगटाशी लोकर थोडी झिजलेली असणारच. पण मधेच कुठे चट्टे, बारीक कण, रेशमी जाळं दिसलं तर कसर लागलीय. वासही घे. डांबर गोळ्यांचा वास महिनाभर सावलीत टांगलं की जातो. बुरशीचा कुबट वास जात नाही. जॅकेट आजवर कुठल्या गावात राहिलं हेही विचार. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेलं असेल तर अस्सल लोकरीच्या मुळाशीही काळे ठिपके सापडतात.

विकत घेतलंस की धुवायला देऊ नकोस. साध्या ड्रायक्लीनला तर नाहीच. त्या रसायनानं कातड्यातलं तेल निघून जातं. माझ्या भावाचं जॅकेट मी एके ठिकाणी विश्वासानं दिलं होतं, तिथूनच ते आधी ताठ होऊन आलं. कातड्याचं काम खास करणारा कुणी माहितीतला असेल तरच दे. नाहीतर मऊ ब्रश, ओलसर फडकं, सावलीतली हवा, एवढ्यात भागतं. कसरीची धास्ती असेल तर हवाबंद पिशवीत घालून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. उणे १८ ला अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, दिवसभर तशीच राहू दे, नाहीतर आतल्या लोकरीवर दव धरतं.

आणि एक. लेहला थंडी कोरडी असते, म्हणून हे जॅकेट तिथे शोभेल. भिजलं तर ते जड होतं आणि वाळायला दिवस घेतं. तुझं काम तारांचं, धुळीचं, ग्रीसचं. कामावर धुता येणारं साधं फुगीर जॅकेट घाल. हे संध्याकाळचं आणि सुट्टीचं ठेव.

आता आईबद्दल. तुझ्या पत्रातली हीच ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि तू ती घाईत उरकलीस.

कुणाच्या अंगावरचं, या मुद्द्यावर तिच्याशी बोलता येईल. आपल्याकडे बाळाला पहिलं अंगडं जुनं, दुसऱ्या घरातून मागून आणलेलं घालतात. तू लहानपणी ज्या गोधडीत झोपलास ती बहुतेक आजीच्या लुगड्याची असेल. वापरलेलं कापड अंगाला लावणं हे तिच्यासाठी नवं नाही. ते कुणाचं होतं, माणूस बरा होता ना, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. म्हणून विकणाऱ्याला विचार: कुणाचं, का विकताय? आणि जे कळेल ते घरी येऊन सांग. नाव-गाव असलेली वस्तू घरात येणं वेगळं आणि बेवारशी येणं वेगळं.

कातड्याचं मात्र तसं नाही. तिनं माळ घातलीय. दिंडीतल्या पखवाजालाही कातडंच असतं, हे तू तिला ऐकवशील, आणि बरोबर असेल. पण ते वाद जिंकायला वापरू नकोस. तिला वाटतं ते खरं आहे, आणि ते घर तिचं आहे. आधी विचार, मग घे. लपवून तर मुळीच नको. कदाचित ती म्हणेल, देवघरापासून लांब ठेव, स्वयंपाकघरात आणू नकोस, आणि तुझा प्रश्न सुटेल. कदाचित म्हणेल, परस्पर लेहला ने, इथे आणू नकोस. तेही ऐक. आणि ती नाहीच म्हणाली, मनापासून नाही म्हणाली, तर मी तुला तिच्या बाजूनं सांगेन: पहिला हिवाळा दुसऱ्या जॅकेटवर काढ. दोन वर्षं तू तिकडे, ती इकडे. रात्री फोनवर बोलताना तुझ्या अंगावर काय आहे हा प्रश्न तुम्हा दोघांच्या मधे नको.

राहिलं माझ्या भावाचं जॅकेट. ताठ होऊन आलेलं ते मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. वर स्लॅब, आणि सोलापूरचा मे महिना तुला सांगायला नको. दोन उन्हाळे ते तिथे होतं. तिसऱ्या वर्षी संक्रांतीत, गड्ड्याची जत्रा भरली होती, भाचा आला आणि म्हणाला, मावशी, मामाचं ते जॅकेट बघू. मी खाली काढलं, बाही धरून उचललं, आणि कडक भाकरी मोडावी तसा आवाज आला. बाही माझ्या हातात, बाकीचं जमिनीवर. शिवण शाबूत होती. तिच्या शेजारचं कातडं गेलं होतं. लोकर अजूनही पांढरीशुभ्र होती.

त्यामुळे मे महिन्यात सुट्टीवर येशील तेव्हा जॅकेट तिकडेच ठेवून ये. रुंद खांद्याचा लाकडी हँगर घे, तारेचा नको, तारेनं खांद्याला टोक येतं. प्लॅस्टिक नको. जाताना बॅगेत आपली एक जुनी, धुऊन मऊ झालेली सुती चादर टाक आणि जॅकेटवर ती पांघरून ठेव. तिच्यातून हवा खेळते, धूळ आत जात नाही.